पायाखालचा ठोका

व्हर्लिन साईझमोर खाली वाकला तो टेबलाच्या पायाखाली पुठ्ठा घालायला. बाकी काही कारण नव्हतं. कपातली कॉफी एका अंगाला सांडत होती आणि खाटेवरून बायकोची, डेल्फियाची, बडबड चालू होती. ह्या दोन्हींतली एक तरी गोष्ट थांबवणं त्याच्या हातात होतं.

"मागच्या आठवड्यात घातलास ना पुठ्ठा," डेल्फिया म्हणाली.

"घातला."

"मग?"

"मग आता त्याच्यावर दुसरा घालतोय. तू गप पडून राहा."

"पडूनच आहे रे. दुसरं काय करतेय, नाचतेय?"

नाताळाच्या आधी अंगणातल्या बर्फावर घसरून तिचं खुब्याचं हाड मोडलं होतं. तेव्हापासून तिची लोखंडी खाट स्वयंपाकघरात आणून ठेवली होती, कारण घरात ऊब म्हणाल तर तिथंच, कोळशाच्या चुलीपाशी. तिला उठवून बसवायलाही दोन माणसं लागत. डॉक्टर म्हणाला होता, उन्हाळ्यापर्यंत बघू. डॉक्टर नेहमी पुढच्या ऋतूचं नाव घेतात.

हेझललिकच्या घळीतली घरं खाणीच्या कंपनीनं एकदाच घाईत ठोकून दिली होती. पुढची बाजू लाकडी खुंटांवर, मागची डोंगरात खणून बसवलेली. त्यामुळं व्हर्लिनच्या स्वयंपाकघराला फरशी अशी नव्हतीच. डोंगराचा उघडा खडक, आणि त्यावर अंथरलेलं मेणकापड. चुलीपुढं ते फाटून खडक वर दिसायचा.

तर व्हर्लिन वाकला, वाकल्यावर खोकला, कारण चाळीस वर्षांचा कोळसा त्याच्या छातीत बसला होता आणि वाकलं की तो हलायचा. खोकला थांबल्यावर त्यानं श्वास घेतला. आणि तेव्हा ऐकलं.

ठक.

मग बराच वेळ काही नाही.

ठक.

आधी वाटलं नळ असेल. पण घरात नळ नव्हता, पाणी अंगणातल्या पंपावर. मग वाटलं उंदीर. पण उंदराच्या हातात लोखंड नसतं, आणि हा आवाज लोखंडाचा होता. दगडावर लोखंड. जन्मभर तोच आवाज ऐकलेल्या माणसाला कुणी वेगळं सांगायला लागत नाही.

त्यानं चुलीतली सळई उचलली आणि उघड्या खडकावर जोरानं ठोकली.

"काय रे?" डेल्फिया म्हणाली.

"कुणीतरी ठोकतंय."

"दारावर?"

"खाली."

डेल्फिया बोलायची थांबली. हे व्हर्लिनला त्या आवाजापेक्षा जास्त जाणवलं.

खालून ठोका आला तर उलटा ठोका द्यायचा. हे त्या घळीत पोरांना चालायच्या आधी कळतं. छत कोसळून आत अडकलेला माणूस हाताला मिळेल त्यानं खडकावर, रुळावर, पाइपावर ठोकतो. वरच्यांनी उत्तर दिलं की त्याला कळतं, आपण अजून माणसांत आहोत. उत्तर न देता निघून गेलेल्या माणसाशी त्या घळीत कुणी बोलत नाही. कित्येक वर्षांपूर्वी दोन नंबरच्या खाणीत स्फोट झाला तेव्हाही सगळी वस्ती तोंडाशी उभी राहून रुळावर घण घालत होती. घण घालायचा, थांबायचं, कान द्यायचा. आतून काही आलं नाही. आतली आग बाहेर यायला लागली तसं खाणीचं तोंड विटांनी बंद केलं. आत राहिले ते राहिले. त्यांच्या नावाचे दगड टेकडीवरच्या दफनभूमीत आहेत. दर वसंतात बायका तिथं जाऊन गवत काढतात, फुलं ठेवतात, ओळीनं बसून जेवतात. दगडांखाली कुणी नाही हे सगळ्यांना माहीत आहे.

दोन नंबरचे बोगदे सगळ्या वस्तीखालून गेले होते. घरांखालचा कोळसासुद्धा कंपनीनं सोडला नव्हता.

व्हर्लिननं पुन्हा ठोकलं. वाट बघितली. त्याला भीती वाटायला हवी होती, पण त्याला नुसती खाज सुटली, कान आत घालून बघावं अशी. आत विटांमागं इतक्या वर्षांत काय शिल्लक असेल? आणि ते आत्ता, दुपारी, पहिली पाळी सुटायच्या वेळी का ठोकेल?

खालून उत्तर आलं नाही. थोड्या वेळानं ठक आलं, पण ते उत्तर नव्हतं. ते आपल्याच चालीनं आलं, मघापेक्षा हातभर पुढं.

*

दुसऱ्या दिवशी त्यानं एल्झी रॅटलिफला बोलावलं. एल्झी कुंपणापलीकडचा शेजारी. आठवडाभर डोंगरामागच्या नव्या खाणीत काम करायचा आणि रविवारी चर्चमध्ये उपदेश करायचा. व्हर्लिन त्याच्या चर्चला जात नसे, आणि दोघांनाही त्यात बोलायला विषय मिळायचा.

एल्झीनं टोपी काढली, गुडघे टेकले, खडकाला कान लावला. ठोका आला. एल्झीचा चेहरा हलला नाही.

"तू चर्चला येत नाहीस म्हणून देव आता खालून बोलवायला लागला असेल," तो म्हणाला.

"खालून बोलावणारा तुझा नसतो. तो दुसरा."

"तेही खरं." एल्झी तसाच कान लावून राहिला. "लोखंड आहे."

"मला कळत नाही होय?"

"उत्तर दिलंस?"

"दिलं. ऐकत नाही."

एल्झी उठला, गुडघे झटकले. "कोव्हाला कळता कामा नये," तो म्हणाला.

डेल्फिया खाटेवरून हसली. "तुझी बायको काल कुंपणापाशी उभी होती रे. कोव्हाला कळलंसुद्धा असेल."

आणि तसंच झालं. संध्याकाळच्या आत कोव्हा फ्यूगेट दारात होती, हातात सफरचंदाच्या मुरांब्याची बरणी घेऊन. ती आणि डेल्फिया दोन वर्षं बोलत नव्हत्या. कोव्हाच्या कोंबड्यांनी डेल्फियाचा कांद्याचा वाफा उकरला होता, आणि डेल्फिया त्या कोंबड्यांबद्दल जे बोलली ते कोव्हानं स्वतःवर घेतलं होतं. आता ती सरळ आत आली, बरणी टेबलावर ठेवली. बरणी घसरत टेबलाच्या कडेला गेली, ती व्हर्लिननं धरली.

"कुठं?" कोव्हा म्हणाली.

त्यानं दाखवलं.

पासष्टीची बाई, पण अंगातल्या चांगल्या कोटासकट खडकावर पालथी झाली, कान लावला. आर्ली फ्यूगेट दोन नंबरमध्ये गेला तेव्हा त्यांच्या लग्नाला पाच महिने झाले होते. खाणीचं तोंड बंद केलं त्या दिवशीही ती अशीच कान लावून होती, ओल्या विटांना. बायकांनी तिला उचलून नेलं होतं. मग तिनं दुसरं लग्न केलं नाही. मागणं आलं नव्हतं असं नाही.

ठक.

"आर्ली आहे," ती म्हणाली.

"कशावरून?" व्हर्लिननं विचारलं.

"दुसरा कोण मला एवढं ताटकळत ठेवील?"

तिनं सळई घेतली आणि ठोकलं. थांबली. पुन्हा ठोकलं. खालचा ठोका आपल्या वेळेला आला, आपल्या जागी आला, तिच्या ठोक्याकडं त्याचं लक्षच नव्हतं.

"जिवंत होता तेव्हाही माझं एवढंच ऐकायचा," कोव्हा म्हणाली. पण सळई तिनं खाली ठेवली नाही.

ती रोज यायला लागली. दुपार झाली की यायची, खडकावर उशी टाकून बसायची, ठोकायची, ऐकायची. डेल्फियाला पाणी द्यायची, उशी सारखी करायची, तिच्याशी न बोलता. मग बोलून. घळीत ऊन उशिरा येतं आणि लवकर जातं. तीनच्या सुमाराला डोंगराची सावली खिडकीवर चढायची, चुलीतला कोळसा लाल दिसायला लागायचा, आणि त्या दोन बायका आणि एक खोकणारा म्हातारा असे तिघं खालच्याची वाट बघायचे. दगडाला एक वास यायला लागला होता. बंद खाणीचा, ओल्या राखेचा. व्हर्लिननं तो ओळखला. 

शुक्रवारी कोव्हा म्हणाली, "खणा."

"हे माझं स्वयंपाकघर आहे," व्हर्लिन म्हणाला.

"मग? मी तुझ्या स्वयंपाकघराचं काय करू? तो ह्याच्याखाली आहे."

"कोव्हा, तिथं जे आहे ते... तो नाही. एवढ्या वर्षांत..."

"मग कोण आहे ते बघू. तुला बघायचं नाही?"

 व्हर्लिनला बघायचंच होतं. रात्री खाटेशेजारी खुर्चीत बसून तो हाच विचार करायचा. हातात पहार धरून कोण चालतंय खाली, आणि कसला हिशोब लावून चालतंय. रोज तो ठोका थोडा सरकत होता. पळत नव्हता, ओरडत नव्हता. अडकलेला माणूस एवढा धीरानं ठोकत नाही.

"आणि माझी खाट?" डेल्फियानं विचारलं.

"तू राहा खाटेवर. आम्ही टेबलापाशी खणू," कोव्हा म्हणाली.

 "खणू दे तिला, व्हर्लिन," डेल्फिया म्हणाली. "माझा नवरा निदान घरात खोकतोय."

*

शनिवारी धुकं इतकं उतरलं होतं की कुंपण दिसत नव्हतं. एल्झी घण, कुदळी आणि आपली पहार घेऊन आला आणि कोट काढून पाण्याच्या घोटासाठी पंपावर गेला. खालच्यानं त्या दिवशी लवकर सुरुवात केली होती. ठोके एकापाठोपाठ येत होते.

"आज घाईत आहे," कोव्हा म्हणाली. तिचा आवाज तरण्या पोरीसारखा झाला होता.

कुदळ पहिली कुठं घालायची ते ठरवायला पाहिजे होतं. व्हर्लिननं मेणकापड गुंडाळून भिंतीला लावलं, सगळा खडक उघडा केला. डेल्फियाच्या गोधडीवर रेघा मारायचा खडू घेतला, आणि गुडघ्यांवर रांगत, जिथून ठोका येईल तिथं फुली मारायला लागला. पहिली फुली भिंतीशी. दुसरी हातभर पुढं. तिसरी तेवढ्याच अंतरावर. ओळ खोलीच्या दुसऱ्या भिंतीला लागली, मग एक पाऊल बाजूला सरून उलटी परत आली. नांगरासारखी. फुल्या टेबलाखालून गेल्या, चुलीपुढून गेल्या आणि खाटेच्या पायापाशी आल्या.

व्हर्लिन मागं सरून बसला आणि त्या फुल्यांकडं बघत राहिला. असं चालणं त्यानं बघितलेलं होतं. बघितलेलं काय, केलेलं होतं. रोज सकाळी.

खाणीतला माणूस कामाला हात लावायच्या आधी छत तपासतो. उजव्या हातात पहार, डावा तळवा छताला टेकवलेला. एक ठोका, एक पाऊल, पुढचा ठोका. छत घंटेसारखं वाजलं तर देवाची कृपा. रिकाम्या पिंपासारखं वाजलं तर वरचा थर सुटलाय. मग लगेच लाकडाचा धिरा उभा करायचा, वर पाचर ठोकून आवळायची. नाहीतर निघून जायचं.

खालचा माणूस कुणाला हाक मारत नव्हता. खालचा माणूस आपलं छत तपासत होता. आणि त्याचं छत म्हणजे व्हर्लिनची जमीन.

व्हर्लिननं डावा तळवा खडकावर टेकवला. का टेकवला ते त्यालाही सांगता आलं नसतं, हाताला सवय होती. दगड थंडगार होता. ठोका आला, तो त्याच्या बोटांतून कोपरापर्यंत गेला. मग त्यानं हात थोडा सरकवला आणि एका जागी दगड गार नव्हता. कोमट होता. जागा अगदी तळव्याएवढी, आणि पुढं बोटांएवढ्या पाच रेघा. पलीकडून कुणीतरी तसाच हात टेकवून ऐकत असावं, तशी.

त्यानं हात काढून घेतला. हे तो त्या दिवशी कुणाला बोलला नाही.

"काय झालं?" कोव्हानं विचारलं.

"थांब जरा."

तो भिंतीला धरून उठला, एल्झीची पहार घेतली आणि दारापाशी जाऊन आपल्याच घराच्या जमिनीवर ठोकलं. दगड खणखणीत वाजला. एक पाऊल पुढं. खणखणीत. टेबलापाशी आवाज जाड झाला. चुलीपाशी बसका झाला. खाटेपाशी त्यानं पहार नुसती सोडली, आणि खोलीभर ढम् असा आवाज झाला. रिकामं पिंप.

चाळीस वर्षं तो ज्या ज्या छताखाली उभा राहिला ते त्यानं ठोकून बघितलं होतं. चर्चमध्ये गेला तरी वर बघायचा. मुलीच्या लग्नात मांडवाकडं बघत उभा होता म्हणून डेल्फियानं चिमटा काढला होता. पण ज्या जमिनीवर तो झोपला, जेवला, तिला त्यानं एकदाही पहार लावली नव्हती. त्या घळीत कुणीच लावली नव्हती. त्यांना मरण वरून येतं एवढंच माहीत होतं.

"व्हर्लिन..." डेल्फिया हळूच म्हणाली. "माझी खाट कलतेय का?"

खालचा ठोका थांबला होता.

मग वेगळा आवाज सुरू झाला. भराभर, लाकडावर घण घातल्याचा, आणि प्रत्येक घावाला वर चढत जाणारा, आवळत जाणारा. नेमका खाटेखाली.

एल्झी दारात उभा होता, मिशांवर पाणी, हातात कुदळ. त्यानं कुदळ भिंतीला टेकवली, अगदी हळू, झोपलेल्या पोराशेजारी ठेवावी तशी.

"पाचर ठोकतोय..." तो कुजबुजला. "धिरा लावतोय हा."

"पाय आपटू नका कुणी," व्हर्लिन म्हणाला. "गादीसकट उचलायची. कोव्हा, ऊठ."

कोव्हा चुलीपुढं उशीवर बसली होती. ती उठली नाही. तिनं सळई दोन्ही हातांनी छातीशी धरली होती.

"कोव्हा, जमीन पोकळ आहे. आपण खणलं असतं तर सगळे खाली गेलो असतो."

"मला खालीच जायचंय."

"तो तुला बोलवत नाहीये."

"तुला काय ठाऊक?"

"बोलवायचं असतं तर धिरा लावला नसता," व्हर्लिन म्हणाला. "तो सांगतोय, बाहेर हो."

"एवढी वर्षं एक शब्द नाही," कोव्हा म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, नुसता राग होता, नवऱ्यावरचा असतो तसा. "आणि आता तोंड उघडलं तर बाहेर हो म्हणायला?"

छतातून, नाही, जमिनीतून, कडकड असा बारीक आवाज गेला. चुलीची नळी भिंतीतून सुटली आणि काजळी गळायला लागली. खाली घण चालूच होता. आता त्याला धाप लागल्यासारखी वाटत होती.

"कोव्हा," डेल्फिया खाटेवरून म्हणाली, "हे दोघं म्हातारे आहेत. एकाला छाती नाही, दुसऱ्याला नुसतं तोंड आहे. मला ह्यांच्यानं उचलवायचं नाही. पायाकडचं टोक तू धर. मग परत येऊन बस हवं तर."

कोव्हानं तिच्याकडं बघितलं. घण वाजत होता. मग तिनं सळई खाली ठेवली, आवाज न करता, आणि येऊन गादीचं टोक धरलं.

व्हर्लिन डोक्याकडं, एल्झी आणि कोव्हा पायाकडं. डेल्फिया पहिल्यांदा ओरडली, मग ओठ चावून गप्प राहिली. तिघं भिंतीच्या कडेकडेनं, पाय घासत, पुढच्या खोलीत आले. व्हर्लिनला श्वास पुरत नव्हता. अंगणात धुक्यात गादी टेकली तोवर मागचा घण थांबला.

कोव्हा वळली. ती परत जायला वळली होती, ह्यात शंका नाही. एल्झीनं तिचा दंड धरला. ती त्याला ओरबाडायला लागली आणि तेवढ्यात घरानं श्वास सोडला. मोठा आवाज नव्हता. आधी टेबल गेलं असावं, कारण बरणी फुटल्याचं ऐकू आलं. मग चूल. मग दारातून, खिडकीतून राखी धूळ बाहेर आली आणि धुक्यात मिसळली. बाकी वस्तीतली कुत्री भुंकायला लागली.

डेल्फिया गादीवर पडून वर बघत होती. "कोव्हा," ती म्हणाली, "माझ्या पायावर काहीतरी घाल गं. गारठलेय."

 कोव्हानं आपला चांगला कोट काढला आणि डेल्फियाच्या पायांवर घातला. खाली बसली, तिचे पाय कोटावरून चोळत राहिली.

*

धूळ बसेपर्यंत कुणी आत गेलं नाही. डेल्फियाला एल्झीच्या घरी नेऊन चुलीशी झोपवलं, बायका जमल्या. मग एल्झी डोक्याचा दिवा लावून पुढच्या खोलीच्या उंबऱ्यावर पालथा झाला आणि स्वयंपाकघराच्या जागी जो खड्डा होता त्यात डोकावला. व्हर्लिननं त्याचे पाय धरले होते. कोव्हा मागं उभी होती.

"दिसतोय?" तिनं विचारलं.

"माणूस नाही कुणी."

"मग?"

 एल्झी दिवा एका जागी धरून राहिला. सगळी जमीन खाली गेली होती, पण भिंतीशी एक जीभ उरली होती, खाटेएवढीच, आणि तिच्यावर ती लोखंडी खाट गादीशिवाय उभी होती. त्या जिभेखाली एक धिरा होता. सरळ, जाड, वर पाचर आवळलेली. बाकीचे जुने धिरे त्याच्या मागं दिसत होते, काळे, कुजके, बुरशीची पांढरी दाढी आलेले. हा सालीसकट होता.

"ओला आहे," एल्झी म्हणाला. "झाड आजच पाडलंय."

तो पुढं सरकला, हात लांबवून सालीचा तुकडा सोलला आणि मागं आला. आतली बाजू पिवळसर, चिकट. व्हर्लिननं तुकडा नाकाशी धरला, मग दाताखाली. कडू, तुरट. त्याच्या आईनं घर शाकारायला, पाळणा करायला, बापाच्या शवपेटीला वापरलं तेच लाकूड. चेस्टनट. एके काळी ह्या डोंगरांवर दुसरं झाड शोधावं लागे, एवढे चेस्टनट होते. मग रोग आला आणि सगळे उभ्या उभ्या मेले. व्हर्लिनचे केस काळे होते तेव्हाची गोष्ट. त्यानंतर त्या घळीत, पलीकडच्या घळीत, कुठंही हिरवा चेस्टनट कुणी बघितला नव्हता. ह्या पोरांना पान ओळखता आलं नसतं.

कोव्हानं हात पुढं केला. व्हर्लिननं तुकडा तिला दिला. तिनं तो हुंगला नाही, मुठीत धरला, आणि एल्झीच्या घराकडं निघून गेली, डेल्फियापाशी बसायला.

"मला बघू दे," व्हर्लिन म्हणाला.

"तुला खोकला येईल, पडशील."

"पाय धर माझे. आणि प्रार्थना मनात कर."

त्यानं दिवा डोक्याला बांधला आणि उंबऱ्यावरून खाली वाकला. खड्ड्यात राख, दगड, चुलीचे तुकडे, टेबलाचा एक पाय वर. सगळ्यावर बोटभर धूळ बसली होती, नुकत्याच पडलेल्या बर्फासारखी सपाट, कुठं पाऊल नाही, कुठं रेघ नाही. त्यानं दिवा धिऱ्याच्या बुंध्यावर आणला.

बुंध्याशी कुऱ्हाडीच्या ढलप्यांचा ढीग होता. पिवळ्या, ओल्या, नख लावावं तर पाणी सुटेल अशा. व्हर्लिन बराच वेळ बघत राहिला, कारण आपण काय बघतोय ते त्याच्या लगेच ध्यानात आलं नाही.

त्या ढलप्यांवर धुळीचा एक कणही नव्हता; त्या धूळ बसल्यावरच्या होत्या.